पाण्यातलं मीठ

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं आहे की रोज सकाळी प्रेशर मोजायचं आणि वहीत लिहायचं. सूनबाईने वही आणून दिली. आजचं १३८ वर ८६. एवढं लिहिलं आणि अख्खं पान रिकामं राहिलं. ताटात अन्न टाकून उठल्यासारखं वाटलं, म्हणून बाकीचंही लिहितो. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. हे कोणी वाचू नये.

घरात नवीन खटाटोप सुरू झाला आहे. सूनबाई दातांच्या दवाखान्यात होती, फोन घ्यायची, लोकांचे नंबर लावायची. तो दवाखाना गेल्या महिन्यात बंद पडला. आता तिच्या डोक्यात आलं आहे की बीट, गाजर, रताळं यांचे पातळ काप करायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि हृदयाच्या, प्रेशरच्या लोकांना विकायचे. तेल नावाला, मीठ अजिबात नाही.

मी एक्केचाळीस वर्षं वेफरच्या दुकानात कढईसमोर उभा होतो. जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, आयुष्यभर लोकांना तेल पाजलंत. आता सुनेच्या हाताखाली थोडं पुण्य करा." सगळे हसले. मीही हसलो. पण दुसरी पोळी घेतली नाही.

५ फेब्रुवारी

१३६ वर ८४.

तीन घाणे वाया गेले. पहिला करपला. दुसरा कडेने काळा आणि मधे ओला. तिसरा बाहेर काढला तेव्हा बरा होता, डब्यात भरेपर्यंत सादळला. सूनबाई तसाच मऊ काप तोंडात टाकून म्हणाली, "चव चांगली आहे ना, बाबा?"

मी म्हणालो, "चव काय, कागदाला पण असते."

तिचा चेहरा पडला. मला असं बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मग रात्रीपर्यंत मनात घोळत राहिलं की पोरीची नोकरी गेली आहे आणि आपण कागद म्हणतो.

ओव्हन मला पटत नाही. कढईत माल डोळ्यांसमोर असतो, आवाजावरून कळतं कुठवर आला ते. इथे काचेमागे काय चाललंय देव जाणे. मी सारखं दार उघडून बघतो. सूनबाई म्हणते, "बाबा, दार उघडलं की उष्णता जाते." मी बंद करतो. तिची पाठ वळली की परत बोटभर उघडतो. मला धीर धरवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जमलं.

सूनबाई भाजी आणायला गेली होती. काप पाण्यात धुवायचं काम माझ्याकडे होतं. हाताला सवय आहे ती सवय. दुकानात काप धुतले की मिठाच्या पाण्यात टाकायचे, अर्धा तास. काप त्यात घाम गाळतात, आतलं पाणी सोडतात, मग कुरकुरीत होतात. आम्ही त्याला मीठ म्हणत नसू. मीठ म्हणजे तळल्यावर वरून भुरभुरायचं ते. पाण्यातलं मीठ ही धुण्याची रीत. गिऱ्हाईक अळणी वेफर मागायला आलं तरी ते पाणी तेच असायचं, कोणाच्या मनात काही आलं नाही.

तर मी परातीत दोन मुठी टाकल्या. नंतर साध्या पाण्यातून एकदा काढले. ओव्हनपाशी स्टूल टाकून बसलो आणि दाराला हात लावून राहिलो.

सूनबाई आली तेव्हा ट्रे बाहेर होता. तिने एक काप मोडला. टक् असा आवाज झाला. ती नाचायचीच बाकी होती. "बाबा, काय केलंत?"

मी म्हणालो, "नीट धुतले."

खोटं नाही ते.

९ फेब्रुवारी

१४० वर ८८.

आक्काकडे डबा नेला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या पलीकडे तिच्या मुलाकडे असते, दुसऱ्या मजल्यावर. तिचं हृदय मोठं झालं आहे आणि पायांना सूज येते. मीठ पूर्ण बंद. तिला हे कळलं त्या दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली होती, "हृदय तर माझं पहिल्यापासून मोठंच होतं, तुम्हाला आत्ता दिसलं होय?"

तिने बीटाचा काप तोंडात टाकला. डोळे मिटले. चावत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"बारक्या, हात तोच आहे रे तुझा," म्हणाली.

मला फार बरं वाटलं. दुकानातून मी संध्याकाळी वेफरचा चुरा कागदात बांधून तिच्यासाठी आणायचो, वर्षानुवर्षं. त्या चुऱ्याने तिचं हृदय बिघडलं असेल का, हा विचार मला कधीकधी येतो. आज वाटलं की थोडीतरी फेड झाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तेरा घरं लागली. बहुतेक सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी, कोणाचं हृदय, कोणाचं प्रेशर, एका बाईंची किडनी. सूनबाईने पाकिटावर चिठ्ठी छापून घेतली. त्यावर ठळक अक्षरांत "मीठ नाही".

त्या बागेतल्या मंडळींपैकी एक निवृत्त कंडक्टर घरी आले होते. अजून ते घरात शिरताना "चला, पुढे सरका" म्हणतात. त्यांनी काप खाल्ला आणि म्हणाले, "वहिनी, हे जरा खारट लागतंय बरं का."

मी कप खाली ठेवला.

सूनबाई म्हणाली, "भाजीतच असतं ते, काका. पाणी उडालं की तिची स्वतःची चव वर येते. मी वाचलंय. आपल्याला वरून मीठ टाकायची सवय लागली म्हणून कळत नाही."

किती खात्रीने बोलली. कंडक्टर म्हणाले, "बघा, आपण अडाणी." आणि दोन पाकिटं घेऊन गेले.

ते गेल्यावर मी सांगायला हवं होतं. पण ती म्हणाली, "बाबा, मला वाटलं नव्हतं मला हे जमेल," आणि मग कसं सांगायचं?

आणि ते मीठ नव्हेच. धुतलेलं पाणी ते.

१५ फेब्रुवारी

१४६ वर ९०. का वाढतंय कळत नाही. मीठ तर मी केव्हाच सोडलं. प्रत्येक घाण्यातले चार-सहा काप तेवढे चाखतो, बाकी काही नाही.

सूनबाईने किडनीवाल्या बाईंना आज स्वतः सांगितलं की तुम्ही आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मगच घ्या. बाई नंतर म्हणाल्या की डॉक्टर नको म्हणाले. मला उगाच सुटल्यासारखं वाटलं. एक घर कमी झालं तर सुटल्यासारखं का वाटावं?

१९ फेब्रुवारी

आक्काचे पाय सुजले आहेत. घोट्यापाशी बोट दाबलं तर खळगा राहतो. ती म्हणते, "उन्हाने." ऊन कुठे आहे? रोज दोन वाट्या खाते म्हणे, भाचा सांगत होता. "मामा, निदान हे तरी ती आनंदाने खाते. दुसरं काही घशाखाली जात नाही तिच्या."

घरी आलो तो सूनबाई पुढच्या घाण्याचे काप करून बसली होती. मी परातीत मीठ टाकताना एकच मूठ टाकली. मग तो घाणा बिघडला तर, म्हणून दुसरी टाकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आक्काला पहाटे श्वास लागला. हॉस्पिटलात नेलं. अंगात पाणी साठलंय म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सूनबाई, भाचा आत-बाहेर करत होते.

तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आजींनी खारट काय खाल्लंय?"

भाचा म्हणाला, "काहीच नाही. आमच्या घरात तिचं सगळं वेगळं शिजतं."

"काहीतरी खाल्लंय. असं उगाच होत नाही. घरात शोधा. म्हातारी माणसं लपवून खातात, आम्ही रोज बघतो."

सूनबाई म्हणाली, "माझे भाजलेले काप खातात त्या, पण त्यात मीठ नसतं." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी बाकावर होतो. दोन हात अंतरावर. तोंड उघडलं की झालं असतं. मी बूट बघत बसलो.

२३ फेब्रुवारी

भाच्याने घर शोधलं. आक्काची गादी उलटी केली, औषधांचा डबा, साड्यांची ट्रंक. काही सापडलं नाही. तरी त्याने स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावलं. मला ते दाखवलं. म्हणाला, "मामा, आईला कुलूप लावायची वेळ यावी. मला लाज वाटते हो."

मी म्हणालो, "तुझा काय दोष."

हे वाक्य मी बोललो. लिहून ठेवतो.

आक्का शुद्धीवर आहे. तिने देवाची शपथ घेतली की मी काही चोरून खाल्लं नाही. कोणी विश्वास ठेवला नाही.

२४ फेब्रुवारी

आज मीठ घातलं नाही. साध्या पाण्यात काप ठेवले. भीती होती, माल मऊ पडणार, सूनबाई विचारणार. ओव्हनपाशी बसून सारखं दार उघडत होतो, मधे तर पाच मिनिटं उघडंच धरून बसलो, वाफ अंगावर घेत.

घाणा कुरकुरीत झाला. टक्.

परातीला आधीचं मीठ राहिलं असेल. पितळ धरून ठेवतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगायचंच म्हणून हॉस्पिटलात गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. "आक्का, मी काप मिठाच्या पाण्यात टाकत होतो." दहा-बारा वेळा म्हटलं. रस्त्यावरची माणसं बघत होती.

आक्का उशीला टेकून बसली होती. नाकात नळी. मला बघून म्हणाली, "आलास? जेवलास का?"

"आक्का," मी म्हणालो, "मी ते काप..."

"सुनेचं कसं चाललंय?"

"चाललंय. वीस घरं होतील."

"चांगली पोर आहे. नोकरी गेल्यावर रडत बसली नाही." मग तिने माझा हात धरला. हात सुजलेला आणि गार. "तू भिऊ नकोस रे. लहानपणी पण असाच भ्यायचास. कोणी मडकं फोडलं तरी तूच रडायला लागायचास."

मी म्हणालो, "आक्का, तुला सगळे चोर म्हणतायत."

"म्हणू दे. या वयात मला काय लग्न जमवायचंय?"

पलीकडच्या खाटेवरची बाई हसली. आक्काही हसली आणि तिला खोकला लागला. नर्सने मला बाहेर काढलं. वाक्य तसंच राहिलं.

२७ फेब्रुवारी

आक्काने कबूल केलं!

सूनबाईने सकाळी सांगितलं. काल रात्री आक्का भाच्याला म्हणाली की घराखाली कोपऱ्यावर गाडी लावतो त्या शेंगदाणेवाल्याकडून मी खारे दाणे आणून खात होते, पुडी खिडकीतून टाकून द्यायचे. भाचा फार बोलला म्हणे तिला. ती गप्प ऐकून घेत होती.

म्हणजे माझ्या पाण्याने काही झालं नाही. मी पाच दिवस झोपलो नव्हतो, आज दुपारी दोन तास झोपलो. आक्कापण अशी! शपथ घेते आणि दाणे खाते. मला तिचा थोडा रागच आला. आम्हाला किती घाबरवलं.

१३४ वर ८४.

१ मार्च, शनिवार

आक्काला घरी आणलं.

आज परत मिठाचं पाणी केलं. त्या दिवशीचा घाणा निघाला तो नशिबाने. दरवेळी नशिबावर कसं सोडणार? रीत आहे ती बरी.

सूनबाईने आक्कासाठी वेगळं पाकीट बांधलं, ताज्या गाजराचं. मी नेऊन दिलं. आक्काने हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि सूनबाईला परत द्यायला सांगितलं. "सांग तिला, आक्काला कंटाळा आलाय आता."

मी म्हणालो, "दाणे खायला कंटाळा नव्हता आला."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "नव्हता."

पाकीट परत आणलं. सूनबाईला वाईट वाटलं. मलाही राग आला आहे.

३ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

मी त्या शेंगदाणेवाल्याला जाब विचारायला गेलो. त्याच्या गाडीसमोर उभा राहून चारचौघांत बोललो. "लाज नाही वाटत? हृदयाच्या पेशंटला खारे दाणे विकतोस? मरता मरता वाचली माझी बहीण!"

तो माझ्याच वयाचा. हातातला झारा खाली ठेवला. "कोणती बहीण, आजोबा?"

"या समोरच्या बिल्डिंगमधली. दुसरा मजला."

"त्या पांढऱ्या केसांच्या? खिडकीत बसतात त्या?" तो म्हणाला, "अहो, त्या दिवाणावरून उठून खिडकीपर्यंत येतात तेवढ्याच. दोन महिने झाले, खाली उतरलेल्या मी बघितल्या नाहीत. मला वरून हात करतात फक्त."

मी म्हणालो, "कोणाला पाठवत असेल."

"कोणाला? आणि माझी गाडी पंधरा दिवस बंद होती, पोटऱ्यांच्या दुखण्याने घरी होतो. परवाच लावली. विचारा या पोलीसदादांना." गिऱ्हाईक म्हणून उभे असलेले पोलीसदादा हसले. "आजोबा, पाणी घ्या. उन्हाचं आलात."

त्याने मला पाणी दिलं. मी ज्याला शिव्या दिल्या त्याने.

पाय सुजलेली बाई दोन जिने उतरून दाणे आणते, हे मला पटलं कसं? मला पटायला हवं होतं म्हणून पटलं.

४ मार्च

भाचा कामाला गेल्यावर आक्काकडे गेलो. ती दिवाणावर बसली होती, पाय उशीवर.

मी म्हणालो, "आक्का, तू दाणे खाल्ले नाहीस."

"बस आधी."

"तुला माहीत होतं."

"अरे, तोंडात जीभ आहे ना माझ्या?" ती म्हणाली. "चार महिने अळणी खाते मी. अळणी खाणाऱ्याला मिठाचा खडा गावाबाहेरून कळतो. पहिल्याच दिवशी कळलं. तुझ्या दुकानाचा चुरा लागला तोंडाला."

"मग खाल्लंस का?"

"चांगलं लागलं म्हणून. लोभ रे. वाटलं, इतकंसं काय होतंय. आणि तू किती खूश होऊन वाटी पुढे करायचास." मग म्हणाली, "म्हणजे अर्धं माझंही आहे. तू एकट्याने घेऊ नकोस."

मी रडलो. सत्तर ओलांडलेला माणूस बहिणीच्या दिवाणाशी बसून रडलो. ती माझ्या टकलावर हात फिरवत म्हणाली, "आता कोणाला सांगू बिंगू नकोस. मी बोलणी खाल्ली, मला ती पचली. नाहीतर त्या पोरीचं काम बुडेल. तू फक्त ते पाणी बंद कर."

मी "बरं" म्हणालो. जिना उतरताना मला हलकं वाटलं. हे सगळ्यात वाईट. हलकं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

काल काही लिहिलं नाही. प्रेशरही मोजलं नाही.

आज सकाळी सूनबाई पाकिटं मोजत होती आणि चिरंजीवांना सांगत होती, "कंडक्टर काकांच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी वाढवलाय. ते म्हणतात, बरं झालं तुमचे काप मिळतात, नाहीतर माझं काही खरं नव्हतं." ती आनंदाने सांगत होती.

आक्काने माझ्यासाठी बोलणी खाल्ली. आता कंडक्टर माझ्यासाठी गोळ्या खातायत आणि त्यांना ते माहीतही नाही.

चिरंजीव गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. पाठ केलेलं वाक्य आठवेना. म्हणालो, "पोरी, त्यात मीठ आहे."

"कशात?"

"सगळ्यात. मी काप मिठाच्या पाण्यात टाकतो. दुकानात टाकायचो तसे."

ती मोजायची थांबली. "कधीपासून?"

"पहिला चांगला घाणा निघाला तेव्हापासून."

मला वाटलं ओरडेल. मी ओरडण्याची तयारी करून आलो होतो. ती खाली बसली आणि पाकिटावरची चिठ्ठी अंगठ्याने घासत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं मला जमलं."

दुसरं काही म्हणाली असती तर सोसलं असतं.

नंतर तिने विचारलं, "आत्याबाईंचं?"

मी सगळं सांगितलं. दाणेवाला, कबुली, कुलूप. ती उठली, ओढणी घेतली. "चला. आत्ता. आज भावजींची सुट्टी आहे."

भाच्याने दार उघडलं. सूनबाई म्हणाली, "बाबांना काही सांगायचंय," आणि बाजूला झाली. मदत केली नाही. बरोबर केलं.

मी सांगितलं. आक्का दिवाणावरून ओरडली, "खोटं बोलतोय तो! डोकं फिरलंय त्याचं. दाणे मीच खाल्ले."

भाचा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "अरे, तुम्ही दोघं काय लहान मुलांसारखं..."

सूनबाईने पिशवीतून पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. "भावजी, खाऊन बघा."

त्यांच्या घरात कोणी कधी खाल्लेच नव्हते ते. पथ्याचं म्हणून आक्काच्या डब्याला कोणी हात लावत नसे. त्याने एक खाल्ला. मग आणखी एक, जणू पहिल्यावर विश्वास नव्हता. तो आईच्या समोर खाली बसला आणि म्हणाला, "तू शपथ घेतली होतीस. मी तुला काय काय बोललो."

"बोलायचंच वय आहे तुझं," आक्का म्हणाली. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं. "नको म्हटलं होतं ना मी तुला? आता त्या पोरीचं काय?"

सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, माझं काम आहे. मी बघते."

मला कोणी बस म्हणालं नाही. मी चपलांपाशी उभा होतो. आम्ही निघताना भाचा एवढंच बोलला, "मामा, हॉस्पिटलात तुम्ही माझ्या शेजारी होतात." मी मान हलवली. होतो.

९ मार्च, रविवार

तीन दिवसांत सगळी घरं झाली. फोनवर नाही, दारात जाऊन. सूनबाई घंटी वाजवते, मी सांगतो. पाकिटं परत घेतो. तिने आधीच बजावलं होतं, "कारणं सांगायची नाहीत. दुकानाची रीत वगैरे काही नाही. काय घातलं ते सांगायचं आणि डॉक्टरांना भेटा म्हणायचं."

काही जण म्हणाले, असू द्या हो. एका बाईंनी दार लावून घेतलं. एका गृहस्थांनी सूनबाईला नको ते ऐकवलं, मला नाही. मी मधे बोलायला गेलो, तर तिने हातानेच थांबवलं.

कंडक्टर काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, खारट लागतंय? मला अडाणी ठरवलंत." ते हसत नव्हते. सूनबाई म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, काका. माझं चुकलं."

तिचं काय चुकलं होतं? पण ती तसंच म्हणाली आणि मी तिथेच उभा होतो.

वीस घरांतली सहा राहिली. तीही बघू म्हणाली आहेत.

११ मार्च

१४० वर ८६.

आज पाच दिवसांनी सूनबाईने बीट घेतलं. मी बाहेरच्या खोलीत बसून होतो. स्वयंपाकघरात जायची मला हिंमत नाही आणि जाऊही नये. काप करायचा आवाज येत होता, मग परातीत पाणी ओतल्याचा.

"बाबा."

गेलो. तिने परातीतलं पाणी वाटीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "प्या."

चिरंजीव दारात उभे होते, चहाचा कप घेऊन. नेहमीसारखी थट्टा केली नाही, म्हणजे त्यांनाही कळलं आहे.

मी प्यायलो.

"कसं आहे?"

"साधं."

"नक्की?"

"साधं आहे. नळाचं."

"आता दर घाण्याला तुम्हीच चाखायचं. मला सांगायचं. मगच काप पाण्यात जातील."

तिने मला शिक्षा केली की काम दिलं, मला कळलं नाही. विचारण्याची लाज वाटली. मी काप उचलायला वाकलो, पण त्याआधीच तिने ते पाण्यात सोडले.